प्रयोजनाचे शिल्प : अच्युत कानविंदे यांची वास्तुकला

चाणक्यपुरीतील न्याय मार्गावरून जाताना फिनलंडच्या वकिलातीपाशी क्षणभर थांबल्यावाचून प्रस्तुत लेखकास पुढे जाववत नाही. झाडांच्या आडून दिसणारी ती शुभ्र, वळत वळत खाली उतरणारी छपरे पाहिली की वाऱ्याने वाहून आणलेला हिमाचा थर दिल्लीच्या धुळीत येऊन निजला आहे, असा भास होतो. ही वास्तू रेइमा आणि राइली पिएतिला या फिनिश दांपत्याची. तिच्यासाठी 1963 साली स्पर्धा झाली, तीत पिएतिलांचा आराखडा निवडला गेला, आणि प्रत्यक्ष बांधकाम व्हावयास पुढची वीस वर्षे जावी लागली. त्या आराखड्यास त्यांनी जे बोधवाक्य दिले होते त्याचा आशय ‘डोंगरांवर हिम बोलत आहे’ असा होता. आपल्या देशातील गोठलेल्या सरोवरांवर वारा हिमाचे जे आकार घडवितो, ते या कलावंताने हिमालयाच्या पायथ्याकडील या तप्त नगरीत आणून ठेवले. परक्या भूमीवर बांधावयास निघालेल्या कलावंताने आपले घर कसे बरोबर न्यावे, याचे हे एक उत्तर झाले.

आता दुसरे एक उदाहरण घेऊ. याच दिल्लीत अर्धशतकाहून अधिक काळ एका मराठी वास्तुशिल्पीने वास्तव्य केले, येथूनच देशभर प्रयोगशाळा, विद्यापीठे, कारखाने, संग्रहालये उभारली आणि 2002 साली येथेच देह ठेवला. त्यांचे नाव अच्युत कानविंदे. जन्म 1916, कोकणातील आचरे गावचा. परंतु त्यांच्या वास्तूंत कोकण शोधू गेलो तर हाती काहीच लागत नाही. ना जांभा दगड, ना उतरती कौले, ना तुळशीवृंदावन. मग या माणसाने गावाहून बरोबर आणले तरी काय? दिल्लीत दोन-तीन पिढ्या काढलेल्या मराठी कुटुंबांना हा प्रश्न केवळ वास्तुकलेचा वाटणार नाही. आपल्या मुलांकडे पाहताना तो आपणही कधी ना कधी स्वतःला विचारलेला असतो.

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी एका उणिवेचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. मराठीत टीकेची परंपरा मोठी. काव्य, नाटक, कादंबरी, संगीत यांच्या बारीकसारीक चर्चेने आपल्या मासिकांची पाने भरली आहेत. वास्तूंविषयी आपण लिहिले ते गडकोटांविषयी, लेण्यांविषयी आणि हेमाडपंती देवळांविषयी. म्हणजे जी वास्तू भग्न झाली किंवा पूज्य झाली, तीच आपल्या टीकाबुद्धीस स्पर्श करू शकली. ज्या महाविद्यालयात आपण शिकलो, ज्या कचेरीत खेटे घातले, ज्या दुग्धालयाचे दूध सकाळी प्यालो, ती वास्तू कोणी रचली आणि बरी रचली की वाईट, हा विचार आपल्या मनास शिवत नाही. सार्वजनिक इमारत म्हणजे सरकारची, आणि सरकारची म्हणजे कोणाचीच नव्हे, असा आपला हिशेब असतो. कानविंदे यांनी आयुष्यभर याच ‘कोणाच्याच नसलेल्या’ वास्तू बांधल्या, आणि म्हणूनच त्यांचे नाव आपल्या घरांत उच्चारले जात नाही.

त्यांचे पूर्वायुष्य थोडक्यात सांगता येईल. आई त्यांच्या अगदी लहानपणी वारली. वडील मुंबईत चित्रकलेचे शिक्षक होते. व्यक्तिचित्रे आणि निसर्गचित्रे काढीत. मुलगा 1935 मध्ये सर ज. जी. कलाशाळेच्या वास्तुकला विभागात दाखल झाला. तेथे त्या काळी क्लॉड बॅटली यांचा अंमल होता. बॅटली हे इंग्रज खरे, पण जुन्या भारतीय वास्तूंची मापे घेऊन त्यांचे नेमके आलेख काढण्यास ते विद्यार्थ्यांना लावीत. जुने देखणे आहे एवढे म्हणून भागणार नाही, ते हाताने मोजले पाहिजे, ही शिस्त त्या वर्गात होती. पुढे कानविंदे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या सेवेत शिरले, आणि स्वतंत्र होऊ घातलेल्या देशाला प्रयोगशाळा बांधावयाच्या आहेत या हेतूने सरकारने त्यांना 1945 साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात पाठविले. तेथे त्यांचे गुरू होते वॉल्टर ग्रोपियस, जर्मनीतील बाउहाउस या विख्यात कलाशाळेचे संस्थापक.

ग्रोपियस यांची शिकवण म्हणजे बुद्धीची उपासना. इमारत हा एक सोडवावयाचा प्रश्न आहे; त्या प्रश्नाची नीट फोड करा, माणसे तेथे काय करणार, यंत्रे कोठे बसणार, प्रकाश कोठून येणार ते मांडा, आणि एकट्याच्या प्रतिभेवर विसंबू नका, अनेकांनी मिळून काम करा. योगायोग असा की, त्याच सुमारास त्याच केंब्रिज शहरात, नदीकाठच्या दुसऱ्या शिक्षणसंस्थेसाठी फिनलंडचे थोर वास्तुशिल्पी अल्वार आल्तो हे बेकर हाउस हे विद्यार्थिगृह रचीत होते. लाल विटांची, नागमोडी वळणाची ती इमारत जणू ग्रोपियस यांच्या काटकोनांना दिलेले सौम्य प्रत्युत्तरच आहे. बुद्धी हवीच, पण माणसाला ऊबही हवी, असे ती सांगते. कानविंदे ग्रोपियस यांचे शिष्य होऊन 1947 मध्ये परतले. त्यांच्या पुढील पन्नास वर्षांच्या कार्याचा आलेख मला असा दिसतो की, ग्रोपियस यांच्या वर्गातून निघालेला हा विद्यार्थी स्वतःच्या वाटेने, उन्हातान्हातून चालत, आल्तो यांच्या जवळपासच्या मुक्कामास येऊन पोहोचला. आल्तो यांचे अनुकरण मात्र त्याने कोठेही केलेले नाही.

त्या वेळची दिल्ली कशी होती, हे लक्षात घेतल्यावाचून ही वाट किती बिकट होती ते कळणार नाही. नवे प्रजासत्ताक आपली मुद्रा शोधीत होते, आणि बहुतेक अधिकारी मंडळींना ती मुद्रा जुन्या घुमटांत आणि छत्र्यांत सापडत होती. केंद्रीय बांधकाम खात्याचे पहिले भारतीय प्रमुख गणेश भिकाजी देवळालीकर हेही मराठीच. सर्वोच्च न्यायालयाची इमारत त्यांची. तिचे उद्घाटन 1958 साली झाले. तिचा घुमट, तिचे स्तंभ, तराजूच्या आकाराची तिची मांडणी, हे सारे लटियन्स यांच्या साम्राज्यशैलीशी नाते राखून आहे. म्हणजे त्या दशकात दिल्लीच्या वास्तुकलेतील दोन्ही पक्षांचे समर्थ प्रतिनिधी मराठी होते, ही आपल्यासाठी मौजेची गोष्ट आहे. राज्य बदलले तरी न्यायाचा अधिकार अखंड आहे, असे एकाला सांगावयाचे होते. राज्य बदलले आहे तेव्हा प्रश्नही नव्याने मांडा, असा दुसऱ्याचा आग्रह होता. याच वादाच्या ऐन भरात, मार्च 1959 मध्ये, ललित कला अकादमीने जयपूर हाउसमध्ये वास्तुकलेवर एक परिसंवाद भरविला. त्याच्या वृत्तांताचे संपादन कानविंदे यांनी केले. पंडित नेहरूंनी त्या प्रसंगी चंदीगडची बाजू घेतली. ते नगर आवडो वा न आवडो, ते आपणांस विचार करावयास लावते, असा त्यांच्या भाषणाचा रोख होता.

कानविंदे यांची आरंभीची कामे मात्र, मोकळेपणाने सांगावयाचे तर, गुरूच्या छायेतली आहेत. अहमदाबाद येथे विक्रम साराभाई आणि कस्तुरभाई लालभाई यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली वस्त्रोद्योग संशोधन संस्था, जी ‘अतिरा’ या नावाने ओळखली जाते, ती घ्या. सरळ रेषांची, नितळ भिंतींची, आडव्या खिडक्यांच्या पट्ट्यांची ही इमारत 1950 नंतरच्या त्या कोवळ्या वर्षांत किती धीट दिसली असेल याची कल्पना करता येते. पण ती धिटाई आयात केलेली होती. अहमदाबादच्या उन्हाशी तिचे बोलणे अजून सुरू व्हावयाचे होते. नवशिक्या कवीच्या पहिल्या संग्रहात वृत्त निर्दोष असावे आणि अनुभव मात्र दुसऱ्याचा असावा, तसे हे आहे. 1955 मध्ये शौकत राय यांच्यासह दिल्लीत त्यांनी स्वतःची संस्था काढली, आणि त्यानंतर हळूहळू त्यांचा स्वर त्यांना सापडू लागला.

तो प्रथम स्पष्ट ऐकू येतो तो कानपूरच्या आय.आय.टी.त. 1959 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे पहिले संचालक डॉ. पु. का. केळकर हे होते. आज तेथील ग्रंथालयाला त्यांचेच नाव आहे. एक मराठी विज्ञानशिक्षक आणि एक मराठी वास्तुशिल्पी उत्तर प्रदेशातील सपाट गंगाकाठी उभे राहून देशाच्या एका नव्या विद्यापीठाचा नकाशा पाहत आहेत, हे चित्र आपल्या इतिहासात नोंदले जावयास हवे होते. गंगेच्या त्या मैदानात डोंगर नाही, उतार नाही, नजर अडेल असे काही नाही. आहे ते ऊन आणि जेठातली लू. कानविंदे यांनी पहिला निर्णय घेतला तो इमारतीचा नव्हे, चालण्याचा. विद्येच्या केंद्रभागात वाहनांना मज्जाव. त्यांनी कडेला थांबावे आणि आतले राज्य पायांचे असावे. ग्रंथालय, अध्यापकांच्या खोल्या, व्याख्यानगृहे यांना जोडणारे मार्ग त्यांनी दोन पातळ्यांवर नेले. वरचा मार्ग तोच खालच्या मार्गाचे छप्पर झाला. मध्ये पाण्याची कुंडे, झाडी, बसावयास कट्टे. सांगाडा उघड्या काँक्रीटचा आणि भरणी लाल विटेची. कशावर गिलाव्याचा पडदा नाही. कोणता भाग भार वाहतो आणि कोणता केवळ आडोसा देतो, हे कोणाही विद्यार्थ्याला भिंत पाहून सांगता यावे.

या रचनेतील मर्म असे. अभियांत्रिकीचा विद्यार्थी प्रयोगशाळेतून ग्रंथालयाकडे जाताना ज्या सावलीतून जातो, त्या सावलीतच त्याला दुसऱ्या विभागाचा विद्यार्थी भेटतो, एखादा प्राध्यापक भेटतो. विद्यापीठ म्हणजे खोल्यांची बेरीज नव्हे. दोन खोल्यांच्या मधल्या वाटेवर जे घडते तेही विद्यापीठच, हा विचार येथे विटांत उतरला आहे. ग्रोपियस यांच्या बुद्धिवादाने वर्गांची मापे ठरविली असतील. परंतु या वाटा उन्हाने काढल्या आणि माणसांच्या सवयींनी रुंद केल्या. पुढे 1969 मध्ये जेम्स मिलर यांच्या समवेत कानविंदे यांनी भारतातील विद्यापीठ-परिसरांच्या रचनेवर इंग्रजीत एक ग्रंथही लिहिला. बंगलोरचे कृषिविद्यापीठ, पुण्याची राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्था ही याच चिंतनाची पुढची फळे होत.

परंतु त्यांची सर्वांत थोर कृती कोणती असे विचारल्यास मी विद्यापीठाचे नाव घेणार नाही. ती उत्तर गुजरातेत, मेहसाणा येथे आहे, आणि ते एक दुग्धालय आहे. 1970 नंतरच्या तीन-चार वर्षांत जिल्ह्याच्या सहकारी दूध उत्पादक संघासाठी बांधलेली ही दूधसागर डेअरी. दुग्धालयाचे काम म्हटले म्हणजे उष्णता, वाफ, ओल, यंत्रांची घरघर आणि सतत पाळावयाची स्वच्छता. दूध तापवावे, थंड करावे, त्याची भुकटी करावी. आणि हे सारे ज्या प्रदेशात उन्हाळा स्वतःच भट्टीसारखा पेटतो तेथे. आतली तप्त हवा वर निघून गेली पाहिजे. म्हणून कानविंदे यांनी छपरावर हवा वाहून नेणारे काँक्रीटचे उभे मनोरे काढले. ते एकएकटे नाहीत, समूहाने आहेत. काही उंच, काही ठेंगणे, कडा तासलेले, आकाशात खांद्याला खांदा लावून उभे. खालचे मजले त्यांना तोलून धरतात आणि ते खालच्या मजल्यांचा श्वास होतात.

दूरवरून, सपाट शेतांच्या पलीकडे ही आकृती दिसू लागते तेव्हा पाहणाऱ्याच्या मनात पहिला शब्द येतो तो ‘कारखाना’ नव्हे, ‘देऊळ’. हे अनेकांनी म्हटले आहे, आणि ते खरे आहे. तथापि ते का खरे आहे याची फोड करावयास हवी. देवळाचे शिखर येथे कोणी आणून बसविलेले नाही. वाफेला वाट हवी होती, त्या वाटेतून शिखर उगवले. प्रयोजनाचा माग निष्ठेने शेवटपर्यंत काढला असता जेथे तो संपतो, तेथे आकार आपण होऊन उभा असतो, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा आपल्या देशातील आधुनिक वास्तुकलेत मला ठाऊक नाही. शिवाय ज्यांच्या घामावर हा संघ उभा राहिला ते दोन-चार म्हशी राखणारे शेतकरी. त्यांच्या दुधासाठी उभारलेल्या वास्तूला राजवाड्याची ऐट न देता देवळाची भारदस्ती मिळावी, हेही उचितच झाले.

दिल्लीकरांच्या पदरात कानविंदे यांचे जे दान पडले त्यात प्रगती मैदानाला लागून असलेले राष्ट्रीय विज्ञान केंद्र प्रमुख होय. ते 1992 साली खुले झाले. मजल्यामागून मजला पायऱ्यांसारखा मागे सरत चढणारा तो घनाकृतींचा डोंगर भैरों मार्गावरून जाताना प्रत्येकाने पाहिलेला असतो, आणि बहुधा कोणी नीट पाहिलेला नसतो. आत शिरल्यावर सरकत्या जिन्याने प्रथम थेट वर जावयाचे आणि मग एकेक दालन पाहत खाली उतरावयाचे, अशी तेथील योजना आहे. लहान मुलांची चढण्याची दमछाक वाचते आणि कुतूहल उतरणीला लागते; बालबुद्धी ओळखून केलेली ही युक्ती फार मार्मिक आहे. पण बाहेरून पाहता मेहसाण्याचा उत्कट आवेग येथे दिसत नाही. तेथे प्रत्येक मनोऱ्याला काही काम होते. येथे घनांचा उतरता मेळ मुख्यतः डोळ्यांसाठी आहे. समर्थ हाताचे हे काम निर्दोष आहे. पण ज्याने मेहसाणा पाहिले, त्याला ते किंचित थंड वाटेल.

मग येतो तो सर्वांत अवघड प्रसंग. पूर्व कैलास भागातील टेकडीवर 1998 मध्ये खुले झालेले इस्कॉनचे मंदिर हेही कानविंदे यांचेच. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी हे काम अंगावर घेतले, तेही मोबदल्यावाचून. देवळालीकरांच्या घुमटाच्या काळात ज्याने घुमटांकडे पाठ फिरविली, त्याने अखेरीस राधाकृष्णाच्या मंदिरावर शिखरे चढविली! आधुनिक पंथाच्या अनेक मंडळींना यात माघार दिसेल. मलाही प्रथमदर्शनी तसेच वाटले. मेहसाण्याला शिखर वाफेतून आले होते. येथे ते स्मृतीतून आले. गर्भगृहातील काळोख आणि त्यावर उभा चढत जाणारा अक्ष, यांतून प्राचीन शिखराला जे अंगभूत कारण लाभले होते, ते येथील विस्तीर्ण सभामंडपाला आणि त्याला जोडून आलेल्या नाना सोयींना पुरतेपणी लाभत नाही. शिखर वर राहते, जनव्यवहार खाली राहतो. दोघांची गाठ सैल पडते. प्रयोजन आणि प्रतीक यांची येथे फारकत झाली, असा माझा निवाडा ठरून गेला होता.

तो तसाच राहिलाही असता. पण जन्माष्टमीच्या सुमारास एका परिचित भाविक गृहस्थांबरोबर त्या टेकडीखाली उभा असताना मी हे मत त्यांना ऐकविले. वयोवृद्ध गृहस्थ, चाळीस वर्षे सरकारी नोकरीत काढलेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “अहो, तुम्हांला कारण हवे असते, आम्हांला खूण हवी असते. बसच्या खिडकीतून शिखर दिसले की हात जोडले जातात. हे काय कामाचे नाही?” मी निरुत्तर झालो. कारण त्यांच्या बोलण्यात माझ्याच सिद्धांताचे दुसरे टोक होते. हात जोडावयास लावणे हेही एक प्रयोजनच; फक्त ते गजाने मोजता येत नाही आणि छेदाच्या आलेखात दाखविता येत नाही. न्यायासाठी आलेल्या सामान्य पक्षकाराला देवळालीकरांचा घुमट जो धीर देत असेल, त्याचीही गणना मग प्रयोजनातच करावी लागेल. मंदिराच्या रचनेतील सैल गाठीविषयीचे माझे मत अजूनही कायम आहे. पण त्यास ‘माघार’ म्हणण्याचा अधिकार मी सोडून दिला आहे. आयुष्यभर उपयुक्ततेचा हिशेब चोख ठेवणाऱ्या माणसाला म्हातारपणी उपयुक्ततेची व्याख्या थोडी रुंद करावीशी वाटली, एवढेच म्हणणे न्याय्य होईल.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. आचऱ्याहून कानविंदे यांनी काय आणले? त्यांनी स्वतः याचे उत्तर दिले आहे असा माझा दावा नाही. हा केवळ माझा तर्क आहे. कोकणातल्या घराचे छप्पर उतरते असते, त्याला पडवी असते, ओटी असते. शहरातून गेलेल्या पाहुण्याला ही ‘कोकणी शैली’ वाटते. पण त्या घरात राहणाऱ्याला ती शैली नव्हे. मृगापासून चार महिने कोसळणाऱ्या पावसाला दिलेले ते उत्तर आहे. तिथला गवंडी पावसाला विचारून छप्पर बांधतो. ते उतरते छप्पर जो दिल्लीत आणून बसवील, तो कोकणची खूण आणील. आणि दिल्लीत आल्यावर जो येथल्या उन्हाला विचारील, तो कोकणची सवय आणील. कानविंदे यांनी सवय आणली. त्यांनी कानपुरात लूला विचारले, मेहसाण्यात वाफेला विचारले, विज्ञान केंद्रात मुलांच्या दमलेल्या पायांना विचारले. म्हणून त्यांच्या वास्तूंत कोकण दिसत नाही, आणि तरीही, माझ्या मते, ते तेथे आहे. पिएतिलांनी हिमाचा आकार आणला. कानविंद्यांनी पावसाशी बोलण्याची रीत आणली. दोन्ही मार्ग थोर आहेत. दुसरा मात्र असा आहे की, त्यावर चालणाऱ्याचे नाव मागे राहत नाही.

आणि येथेच काळजीचे कारण आहे. विज्ञान केंद्राच्या शेजारी राज रेवल यांचे आणि अभियंते महेंद्र राज यांचे हॉल ऑफ नेशन्स 1972 पासून उभे होते. एप्रिल 2017 मध्ये एका रात्रीत ते जमीनदोस्त झाले. वास्तुशिल्पी, इतिहासकार यांनी आक्षेप घेतले, न्यायालयात धाव घेतली, व्यर्थ. जनतेत मात्र हळहळ उमटली नाही, कारण ते कोणाचे होते हेच जनतेस ठाऊक नव्हते. घुमटाला हात लावण्यापूर्वी सत्ता दहा वेळा विचार करते, शिखराला हात लावण्याची कोणाची छातीच होत नाही; पण उघड्या काँक्रीटची आणि विटांची, केवळ आपले काम चोख बजावणारी इमारत एका निविदेने नाहीशी होते. त्या भाविक गृहस्थांचे म्हणणे या अर्थानेही खरे ठरते. ज्या वास्तूला खूण नाही, तिला संरक्षण नाही. प्रयोजन संपले किंवा कोणी संपले असे ठरविले, की तिच्या बाजूने बोलावयास कोणी उरत नाही.

टीकेचे काम येथे सुरू होते. ज्या वास्तूंनी स्वतःवर खूण उमटवून घेतली नाही, त्यांची ओळख शब्दांनी करून द्यावी लागते. आपल्या मंडळांत आपण नाट्यप्रयोग करतो, गणेशोत्सव करतो, थोरांच्या जयंत्या साजऱ्या करतो. ते सर्व योग्यच आहे. पण येत्या हिवाळ्यातील एखाद्या रविवारी मुलांना घेऊन भैरों मार्गावर जावे. जिन्याने वर जावे, दालने पाहत खाली उतरावे, आणि बाहेर आल्यावर त्या मागे सरत गेलेल्या घनांकडे बोट करून त्यांना एवढेच सांगावे की, हे एका आचऱ्याच्या माणसाने रचले. तुमचे पाय दुखू नयेत याचा विचार त्याने केला होता. कोकण कोठे आहे असे त्यांनी विचारल्यास, तुम्ही आता ज्या वाटेने उतरून आलात त्या वाटेत, असे उत्तर द्यावे.